नापासांची भिंत आणि पाच खोल्या

आजोबा गेले तेव्हा घर त्यांच्या नावावर होतं. मग आजी गेली, काही वर्षांनी बाबा गेले, तरी नाव बदलायला कुणी उठलं नाही. कोकणात याचं कुणाला नवलही वाटत नाही. त्यामुळे आईने आणि मी घरातल्या पाच खोल्या पाहुण्यांना द्यायचं मनावर घेतलं, तेव्हा ग्रामपंचायतीच्या दप्तरी आमचं घर एका दिवंगत ड्रॉइंग मास्तरांचं होतं. आणि त्यांचे वारस मोजायला बसलो तर ते मुंबईपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेले निघाले.

घराबद्दल आधी सांगते. कुडाळपासून फार लांब नाही. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे लोटा (म्हणजे पुढची पडवी) आणि ओटी, मधे माजघर, दोन्ही अंगांना खोल्या, मागे पडवी आणि एके काळचा गोठा. इथवर हे तालुक्यातल्या शेकडो घरांसारखंच. फरक भिंतींवर आहे. आजोबांनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं, आणि शाळा सुटल्यावर घर रंगवलं. घर रंगवलं म्हणजे चुना काढला असं कुणी समजू नये. कपाटांच्या दारांवर आतल्या बाजूने माणसं आहेत, दार उघडलं की समोर उभी राहतात. स्वयंपाकघराच्या चौकटीवर सुरमई, बांगडा, मोरी, तिसऱ्या असा सगळा बाजार आहे. गणपतीच्या मागची भिंत तर दर चतुर्थीला नवी व्हायची. आमच्याकडे बहुतेक घरांत ती रंगवतातच, पण आजोबा जुनी पुसायचे नाहीत, तिच्यावरच पुढची चढवायचे. आज एका कोपऱ्यात पोपडा सुटलाय, तिथे मोराच्या पिसातून हत्तीचा कान दिसतो.

सगळ्यात विक्षिप्त जागा म्हणजे बाळंतिणीची खोली. आत्या पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा तिला सव्वा महिना उताणं पडून नुसत्या फळ्या बघाव्या लागतील, हे आजोबांना पटलं नाही. त्यांनी बांबूची परांची बांधून अख्खी तक्तपोशी रंगवली. पूर्ण गाव आहे त्यात. देऊळ, पार, न्हावी, पोस्टमन, शेजारच्या दोन बायकांचं विहिरीवरचं भांडण. आणि सगळं अशा बेताने काढलेलं, की उभ्याने बघितलं तर उलटसुलट दिसतं आणि खाटेवर आडवं झालं की सरळ होतं. त्यानंतर आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येकाने डोळे उघडल्यावर पहिल्यांदा पोस्टमन पाहिलाय.

आता सह्यांचं. घर आजोबांनी स्वतः बांधलेलं, मृत्युपत्र नाही. म्हणजे १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आजी, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा वाटा, आणि त्यांतलं जे गेलं त्याचा वाटा त्याच्या वारसांना. आधी सगळ्यांची वारस म्हणून नोंद, मग ज्यांना वाटा नको त्यांची हक्कसोडपत्रं, तीही नुसती नोटरीकडची नव्हे, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली. मोकळेपणाने सांगते, कुणी अडवून धरलं नाही. पण प्रत्येकाला सही करण्याआधी बोलायचं होतं. मुंबईच्या चुलतभावाने सही पाच मिनिटांत केली आणि त्याआधी दोन तास आजोबांनी त्याला सायकलवरून वेंगुर्ल्याला नेलं होतं ते सांगितलं. सह्या गोळा करणं हे सरकारी काम आहे असं मी धरून चालले होते. निम्मं काम चहा पिण्याचं असतं.

न्यू जर्सीच्या आत्याचं प्रकरण लांबलं. तिला यायला जमत नव्हतं, म्हणून मुखत्यारपत्र. ते तिथे भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवायचं, आणि इथे हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यायचा. ही तीन महिन्यांची अट पुष्कळांना ठाऊक नसते. पाकीट कपाटात ठेवून निवांत बसलं की दंड. परदेशात नातेवाईक असतील आणि असं काही करायचं मनात असेल, तर पाकीट आलेल्या दिवशीच तारीख लिहून ठेवा.

मोठ्या काकांनी वाटा सोडला नाही. त्यांनी संमतीपत्र दिलं आणि त्यात एक अट घातली: चतुर्थीला घर घरच्यांचं. त्या दिवसांत एकही गिऱ्हाईक नको. वकील म्हणाले, असली अट लिहायची गरज नाही, तोंडी पुरे. काका म्हणाले, लिवा. लिहिली.

कागद चालू असतानाच एका ओळखीच्यांच्या आग्रहावरून मी पुण्याहून एका इंटिरिअर डिझायनरला बोलावलं. माणूस सज्जन. घरभर फिरले, फोटो काढले, माजघरात बसून सोलकढीचे दोन पेले प्यायले आणि म्हणाले, दोन-तीन चित्रं ठेवू, बाकी भिंती पांढऱ्या करू, पाहुण्यांच्या डोळ्यांना श्वास घ्यायला जागा हवी. आई इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "श्वास घेवक भायर खळा आसा मां!" डिझायनरांनी ते हसून घेतलं, पण तिथेच आमचं ठरलं. पांढऱ्या भिंती, एक वेताची खुर्ची आणि कोपऱ्यात पितळेचा हंडा असल्या खोल्या आज गोव्यापासून अलिबागपर्यंत कुठेही मिळतात. त्यांत झोप चांगली लागत असेल, पण सकाळी उठल्यावर आपण कुणाच्या घरात आहोत हे कळत नाही.

त्या दिवसांत मी सावंतवाडीच्या राजवाड्यात मुद्दाम जाऊन आले. मोती तलावाकाठचा हा वाडा. त्याच्या एका भागात राजघराण्यानेच राहण्याच्या खोल्या केल्यात आणि त्या गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या पारंपरिक पत्त्यांच्या, चित्रांनी सजवल्यात. दरबार हॉलमध्ये आजही कारागीर मांडी घालून गंजिफाची गोल पानं रंगवत बसलेले असतात. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी १२० पानं. ही कला जवळजवळ संपत आली होती. राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारींसारख्या जुन्या कारागिरांना हाताशी धरून राजवाड्यातच कारखाना सुरू केला, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि ती तगली. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी तिथे बराच वेळ एका बाईंना कूर्मावताराच्या पानाची किनार ओढताना बघत बसले. ब्रश इतका बारीक, की रेघ उमटत असतानाच दिसत नव्हती, उमटल्यावर दिसायची. आणि मनात आलं, इथे हे जमलं याचं कारण चित्र काढणारा माणूस अजून इथे बसलाय. आमचा माणूस गेलेला. आमच्याकडे नवीन काही होणार नाही. आहे ते टिकवणं एवढंच आमच्या हातात.

टिकवणं म्हणजे ओलीशी भांडण. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जांभा सच्छिद्र, तो पाणी पितो. पिऊ द्यावं, उन्हाळ्यात तो ते सोडून देतो. पण मधे कधीतरी घराची 'सुधारणा' म्हणून पश्चिमेकडच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा झाला होता. पाणी आत अडकलं, बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ते आतल्या बाजूने चित्रांतून फुटत होतं. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही बाकी काही केलं नाही, तो गिलावा उतरवला आणि भिंत उघडी ठेवली. नंतर चुन्याचा गिलावा. चुना जाणणारा गवंडी मिळेपर्यंत माझे केस पिकले. सगळे म्हणायचे, ताई, वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारू की. शेवटी मालवणकडचे एक म्हातारे गवंडी मिळाले. त्यांनी चुना विरवायला टाकला आणि तो विरेपर्यंत कुणी घाई करायची नाही असा दम भरला.

कागदावरची चित्रं वेगळीच. जुन्या फ्रेमच्या मागे प्लायवूड आणि त्याला चिकटवलेली वर्तमानपत्रं. त्या प्लायवूडमधल्या आम्लाने कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि त्यात कसर घर करते. कोल्हापूरच्या एका जाणकार फ्रेमवाल्याने शिकवलं: मागे आम्लविरहित पुठ्ठा, काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची कापीव चौकट, त्यामुळे काच कागदाला चिकटत नाही. फ्रेमच्या मागच्या चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. पश्चिमेच्या भिंतीवर कागद लावायचाच नाही. एवढ्या साध्या गोष्टींनी पहिल्या पावसाळ्यात बुरशी जवळजवळ आलीच नाही.

नाटकाचा पडदा हे दुसरं दुखणं. आजोबांनी गावच्या नाट्यमंडळीसाठी जंगलाचा पडदा रंगवला होता, मांजरपाटावर, भुकटीचे रंग सरसात कालवून. मंडळी मोडली, पडदा आमच्याकडे आला. आता तो उत्तरेच्या खोलीत खाटेमागे सगळी भिंत व्यापून आहे. सरसातला रंग पाण्याने विरघळतो. एक ओलं बोट लागलं तरी वाघाचा पट्टा जातो. म्हणून त्या खोलीत एसी नाही, एसीचं पाणी आणि बंद-चालूची दमट-कोरडी हवा त्याला सोसायची नाही. खाट भिंतीपासून दोन हात पुढे आहे आणि साफसफाईला येणाऱ्या मावशींना सक्त ताकीद: फडकं लावायचं नाही. मावशींनी विचारलं, "धुळ मगे जातली खंय?" प्रश्न बरोबर होता. मऊ, कोरडा, रुंद ब्रश आणला. त्या दर आठवड्याला वाघाला वरून खाली विंचरतात.

संडास-बाथरूमबद्दल थोडक्यात. जुन्या घराचं हॉटेल करताना निम्मा पैसा तिथे जातो आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. आम्ही खोल्यांत भिंती फोडल्या नाहीत. मागची पडवी आणि गोठा यांच्यात पाचही न्हाणीघरं ओळीने बसवली आणि खोल्यांच्या मागच्या दारातून वाट काढली. सेप्टिक टँक विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला. माजघराची शेणाची जमीन ठेवायची आईची इच्छा होती, पण चाकांच्या बॅगांनी महिन्याभरात तिची नांगरट झाली असती. तिथे लाल कोबा केला. ओटीवर मात्र अजून शेण आहे आणि तिथे बॅग उचलून न्यावी लागते.

आता नापासांची भिंत. आजोबांना परीक्षेत पास झालेल्या मुलांच्या चित्रांत रस नव्हता. ती चित्रं त्यांच्या मते सारखी असत: तोच माठ, तीच तीन वांगी, तीच सावली. नापास झालेल्यांची मात्र ते जपून ठेवत. सराव परीक्षेची असली चित्रं एका पत्र्याच्या ट्रंकेत गठ्ठ्याने होती. स्थिरचित्रात माठाला कान काढलेले. 'बाजारातील दृश्य' या विषयात बाजार रिकामा आणि खाली लिहिलेलं, 'आज बंद'. एका मुलाने स्मरणचित्रात पाऊस काढलाय, पण तो खालून वर जातोय. प्रत्येकावर लाल शाईत गुण आणि बाजूला आजोबांच्या अक्षरात शिसपेनने एक शेरा, जो मुलाला कधी दाखवला नसावा: 'हा बघतो.' किंवा 'हात वाईट, डोळा चांगला.'

ही चित्रं मी मधल्या बोळात छपरापासून कमरेपर्यंत लावली. नावं माउंटखाली झाकली, कारण ती मुलं आज पन्नाशी-साठीची, याच गावात राहतात. मग वायरिंगला इलेक्ट्रिशियन आले. जांभ्यात खाच मारून वायर लपवायची नाही, वरूनच पट्टी न्यायची, असं आमचं ठरलेलं. बोळात शिडी लावली आणि शिडीवरूनच ओरडले, "ह्यां माजां!" उलट्या पावसाचं चित्र त्यांचं होतं. मी घाईघाईने म्हटलं, काका, नाव झाकलंय, कुणाला कळणार नाही. ते खाली उतरले, पँटीला हात पुसले आणि म्हणाले, "झाकलंस कित्याक? नाव दिसाक व्हया." माउंट कापून नाव मोकळं केलं. त्यानंतर दोन महिन्यांत गावातले सात-आठ जण येऊन आपापली नापासं शोधून गेले. एकांचं सापडलं नाही. मास्तरांनी आपल्याला पास केलं होतं हे त्यांना त्या दिवशी कळल्यासारखं झालं आणि ते थोडे खट्टू होऊन गेले.

परवाने हा कंटाळवाणा भाग, पण लोक तेच विचारतात. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. पर्यटन खात्याकडे निवास-न्याहारीची नोंदणी, त्यासाठी ते घर बघायला येतात. खाण्यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी. वर्षाची उलाढाल छोटी असेल तर पूर्ण परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. जीएसटीची मर्यादा सेवांसाठी वीस लाख, त्याखाली असाल तर नोंदणीची सक्ती नाही, आणि बुकिंग संकेतस्थळावरून झालं तर अशा छोट्या मालकाच्या वतीने तो कर संकेतस्थळालाच भरावा लागतो. पाहुण्यांची वही रोजची, ओळखपत्राची प्रत जोडून. परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत त्याच्या माहितीचा ऑनलाइन फॉर्म, ज्याला २०२५पर्यंत 'सी फॉर्म' म्हणत. तो भरताना आमच्याकडे रेंज जाते, म्हणून मी लॅपटॉप घेऊन पाणंदीच्या वरच्या आंब्याखाली जाते. आई पाहुण्यांना सांगते, "ती तुमचा फॉर्म भराक गेली." त्यांना वाटतं हाही इथला काही विधी असावा.

खोल्यांना नावं देताना वाद झाला. इंग्रजी नावं नकोत यावर एकमत. भावाने अवतारांची सुचवली, पण ते सावंतवाडीचं. शेवटी घरात जी म्हणत आलो तीच ठेवली: बाळंतिणीची खोली, पडद्याची, कोठी, मास्तरांची आणि माळ्यावरची. बाळंतिणीची खोली नवविवाहितांना देताना अजून थोडं अवघडायला होतं. मुंबईच्या एका जोडप्याने नाव वाचून मालकीणबाईंना, म्हणजे आईला, काही सुचवायचंय का, असं विचारलं होतं. आई म्हणाली, वर बघा नुसतं.

मास्तरांच्या खोलीत एक लक्ष्मी आहे. रविवर्म्याच्या छापखान्यातली, पणजीच्या लग्नात आलेली. तो छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि त्या रंगीत छापांनी घराघरांत देवांना चेहरे दिले. आमच्या लक्ष्मीला पणजीने घरी बसून जर आणि टिकल्या लावल्यात, साडीला, मुकुटाला, मागच्या हत्तींनासुद्धा. असं तेव्हा पुष्कळ बायका करत. फ्रेमवाला म्हणाला, टिकल्यांमुळे काच लांब ठेवावी लागेल, म्हणून तिला खोल पेटीसारखी फ्रेम आहे. एका फ्रेंच पाहुण्याने तिची किंमत विचारली. विकायची नाही म्हटल्यावर त्याने आकडा वाढवला. मग मला १९७२चा कायदा सांगावा लागला: शंभर वर्षांवरची कलावस्तू देशाबाहेर खासगीरीत्या नेता येत नाही. खरं तर 'विकायची नाही' एवढं पुरायला हवं होतं. पण कायदा सांगितला की समोरच्याचा अपमान होत नाही, हे मला या धंद्यात शिकायला मिळालं.

सगळ्यांना हे घर आवडतं असं नाही. एक बाई पहिल्याच रात्री म्हणाल्या, इतके डोळे आहेत भिंतींवर, कपडे कसे बदलायचे? त्यांना कोठीची खोली दिली, तिथे फक्त मासे आहेत. माळ्यावरच्या खोलीत रात्री डोक्यावर कुणीतरी चालतं. ते उदमांजर. आम्ही ते आधीच सांगतो, तरी पहाटे दोनला फोन येतोच. वानरं कौलं सरकवतात, आणि पहिल्या पावसाआधी सगळं छप्पर चाळून घेणं हा दरवर्षीचा खर्च आहे, तो हिशोबात धरलाच पाहिजे. माळ्यावर पाणी गळलं तर ते आधी पाहुण्याच्या अंगावर आणि मग पोस्टमनवर पडतं. मला दुसऱ्याची जास्त भीती वाटते.

सकाळी आंबोळ्या किंवा घावणे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, कधी शिरवळ्या. दुसरा पर्याय नाही. टोस्ट मागितला तर आई ऐकू न आल्यासारखं करते.

चतुर्थीला काकांच्या अटीप्रमाणे घर बंद असतं. पाच खोल्यांत तीसेक माणसं मावतात, बाथरूमला रांग लागते आणि ज्यांनी हक्क सोडला तेच 'माझी खोली' म्हणून पहिल्यांदा बॅग टाकतात. गेल्या चतुर्थीला गणपतीची भिंत रंगवायची की नाही यावर रात्री अकरापर्यंत चर्चा झाली. धाकट्या भाच्याने एका हातभर जागेत उंदीर काढला. आजोबांनी त्याला किती गुण दिले असते यावरही चर्चा झाली.

न्यू जर्सीची आत्या यंदा फेब्रुवारीत आली. आम्हाला न कळवता तिने संकेतस्थळावरून सासरच्या नावाने बाळंतिणीची खोली आरक्षित केली, पूर्ण भाडं भरलं, संकेतस्थळाला त्यांचं कमिशन मिळालं, आणि दारात रिक्षातून ती उतरली तेव्हा आई पाहुण्यांच्या वहीत नाव लिहायला पेन घेऊन उभी होती. तिचा पासपोर्ट आता अमेरिकेचा. म्हणजे परदेशी पाहुण्याचा फॉर्म. मी लॅपटॉप घेऊन आंब्याखाली गेले, आणि 'भारतात येण्याचा उद्देश' या रकान्यापाशी थांबून तिला फोन लावला. "बाळंतपण लिव," ती म्हणाली. मी 'पर्यटन' निवडलं. जाताना तिने चार तारे दिले. पाचवा सांबाऱ्यात खोबरं कमी म्हणून कापला.